खोकला, बेडका आणि प्रयोगशाळा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संस्थेने मला दिली, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. मी छातीचा विषय निवडला आहे. घुग्घुसमध्ये हा विषय कोणाला परका वाटेल असे मला वाटत नाही. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने, मधून दिवसरात्र धावणारे ट्रक. दोरीवर वाळत घातलेला पांढरा कुर्ता संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नाही, हे येथील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि त्याचा क्रमांक देशात चौथा लागला. परीक्षेत असे गुण मिळाले तर पेढे वाटावेत. पण हे गुण प्रदूषणाचे होते.

अशा गावात कोणाला खोकला लागला की घरात दोनच निदाने केली जातात. पहिले, "धुळीचा खोकला आहे, जाईल." आणि तो गेला नाही तर दुसरे, दबक्या आवाजात, "टीबी तर नाही ना?" ही दोन्ही निदाने पुष्कळ वेळा खरी ठरतात. परंतु या दोहोंच्या पलीकडे एक तिसरी शक्यता असते आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फुफ्फुसात शिरून टीबीसारखाच खोकला, तसाच ताप, तशीच वजनातील घट आणि क्ष-किरण फोटोत तसेच डाग निर्माण करणारे दुसरेही जंतू आहेत. ते विरळा आढळतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. ज्याच्या छातीत ते शिरले, त्याच्या घराला मात्र विरळपणाचा काही उपयोग नसतो.

हे जंतू प्रयोगशाळेत कसे ओळखले जातात आणि त्या कामात रोग्याचा व त्याच्या घरच्यांचा वाटा किती मोठा असतो, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. प्रत्येक खोकल्याला मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने लहान मुलांच्या न्यूमोनियावर जे काम केले, ते १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गावातील आरोग्यसेवकांना आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखावयास शिकवले, तोही श्वास मोजून. ज्यांना न्यूमोनिया आहे असे ठरले, त्यांना कोट्रायमोक्सॅझोल हे साधे, स्वस्त औषध दिले. अशा उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. ज्या गावांत हे काम नव्हते, तेथे ते १३.५ टक्के होते. तेथे ना सूक्ष्मदर्शक होता, ना यंत्र. नेहमीचा आजार असेल आणि नेहमीचे औषध लागू पडत असेल, तर शहाणपणाने श्वास मोजणेही पुरते. औषध लागू पडत नाही, खोकला महिना-महिना हटत नाही, तेव्हा मात्र अंदाज थांबवून जंतू शोधावा लागतो.

आता शोध कसा घेतात ते पाहू. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्यानंतर लवकरच झील आणि नीलसन यांनी त्याला रंगवण्याची जी पद्धत सुधारून दिली, ती आजही वापरात आहे. काचपट्टीवर बेडका पसरतात, त्यावर लाल रंग घालून खालून उष्णता देतात आणि मग आम्लाने धुतात. इतर जंतूंचा रंग धुतला जातो. क्षयाच्या जंतूवर मेणासारखे आवरण असते, त्यामुळे त्याचा लाल रंग टिकतो. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की "एएफबी पॉझिटिव्ह" असा रिपोर्ट येतो.

पण या पद्धतीला मर्यादा आहे. एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असतील, तेव्हाच ते सूक्ष्मदर्शकातून दिसण्याची शक्यता असते. पोतेभर तांदळात चार खडे असतील आणि आपण चिमूटभर तांदूळ तळहातावर घेऊन पाहिले, तर खडा सापडेलच असे नाही. म्हणून "निगेटिव्ह" या शब्दाचा अर्थ "आजार नाही" असा घेऊ नये. "या नमुन्यात, या पद्धतीने, जे शोधले ते सापडले नाही", एवढाच त्याचा अर्थ.

आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे आली आहेत. ट्रूनॅट तर आपल्या देशात, गोव्यात तयार होते. ही यंत्रे जंतूच्या जनुकाचा तुकडा शोधतात. सीबीनॅट सुमारे दोन तासांत उत्तर देते, मिलिलिटरला शे-दीडशे जंतू असले तरी ते पकडते आणि रिफाम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही सांगते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. परंतु या यंत्राला आपण एकच प्रश्न विचारलेला असतो, "टीबीचा जंतू आहे का?" दुसरा कोणताही जंतू समोर असला तरी ते त्याविषयी बोलत नाही. प्रयोगशाळेला जो प्रश्न विचारावा, त्याचेच उत्तर ती देते. विरळ आजारांच्या बाबतीत सगळी अडचण येथेच आहे. योग्य प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

अशा चार जंतूंची ओळख करून देतो.

पहिला, टीबीच्या जंतूचा चुलत भाऊ म्हणावा असा. टीबीच्या कुळातील दुसरे अनेक जंतू माती आणि पाण्यात राहतात. निरोगी छातीला ते सहसा काही करत नाहीत. जेथे फुफ्फुस आधीच धुळीने कडक झालेले आहे, जुन्या टीबीने पोकळी पडलेली आहे, तेथे मात्र ते ठाण मांडतात. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतील कामगारांत, विशेषतः दगडाच्या धुळीने सिलिकोसिस झालेल्यांत, यांपैकी कान्साशी नावाचा जंतू पुष्कळ आढळला. खाणकामगारांच्या गावाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली हा भाऊही लालच दिसतो. मग घडते असे की, काचपट्टीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि यंत्राचा रिपोर्ट "टीबी नाही" असा येतो. घरचे लोक म्हणतात, "एक लॅब खोटी आहे." पुष्कळदा दोन्ही रिपोर्ट खरे असतात आणि त्यांच्यातील विसंगती हाच मोठा सुगावा असतो. अशा वेळी बेडक्याचे कल्चर करावे लागते. बेडका स्वच्छ करून द्रव खाद्यात घालतात आणि सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहतात. जंतू वाढला की एका छोट्या पट्टीवर थेंब टाकून तो टीबीचा की दुसरा हे काही मिनिटांत कळते. पुढे त्याचे नेमके नाव ठरवतात. हा जंतू नळाच्या पाण्यातूनही नमुन्यात येऊ शकतो, म्हणून एका कल्चरवर विसंबून राहत नाहीत. वेगवेगळ्या वेळी दिलेल्या किमान दोन बेडक्यांत तोच जंतू मिळाला पाहिजे आणि लक्षणे व फोटोही त्याच्याशी जुळले पाहिजेत. उपचार लांब असतो, बहुधा वर्षाहून अधिक. पण एक दिलाशाची गोष्ट आहे. हा आजार सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. ज्या घरात आजोबांचे ताट वेगळे काढले जाते आणि नातवंडांना त्यांच्या मांडीवर बसू दिले जात नाही, त्या घराला हे एक वाक्य किती मोलाचे आहे हे मी वेगळे सांगावयास नको.

दुसरा जंतू नोकार्डिया. फ्रेंच पशुवैद्य एडमंड नोकार यांनी तो १८८८ साली गुरांच्या आजारात प्रथम वर्णिला. तो मातीत राहतो आणि धुळीबरोबर श्वासातून आत जातो. मधुमेह असलेले, अवयवरोपण झालेले आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे लोक याला बळी पडतात. दम्यासाठी दुकानातून परस्पर स्टिरॉइडच्या गोळ्या आणून वर्षानुवर्षे खाणारी माणसे आपल्या ओळखीत असतील. त्यांनी हे लक्षात ठेवावे.

सूक्ष्मदर्शकाखाली नोकार्डिया बाभळीच्या वाळलेल्या काटक्यांसारखा, फांद्या फुटलेला दिसतो. नेहमीच्या तीव्र आम्लाने धुतले की त्याचा लाल रंग जातो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. तेच आम्ल केवळ एक टक्क्याचे घेतले तर रंग टिकतो. शिवाय साधे कल्चर दोन दिवसांत पाहून टाकून देतात. नोकार्डियाला वर यावयास कधी दोन दिवस पुरतात, तर कधी दोन आठवडे लागतात. टीबीच्या कल्चरसाठी बेडका ज्या तीव्र क्षाराने स्वच्छ करतात, त्यातही तो मरू शकतो. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर "नोकार्डियाची शंका" एवढे शब्द लिहिले असतील तर तो सापडतो. लिहिले नसतील तर हातातून निसटतो. टीबीची नेहमीची औषधे यावर भरवशाची नाहीत. गडचिरोलीत मुलांच्या न्यूमोनियासाठी वापरलेले कोट्रायमोक्सॅझोल मात्र यावरचे मुख्य औषध आहे. ते औषध दुकानात असते. रोगाचे नाव ठाऊक नसते.

तिसरा आजार मेलिओयडोसिस. नाव अवघड आहे, पण त्याचा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. १९११ साली रंगून येथे, ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग असताना, आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी या डॉक्टरांनी तो प्रथम ओळखला. भारतातील पहिला रुग्ण म्हणून ज्याची नोंद सांगितली जाते, तो मुंबईतील एक मूल असून ती नोंद १९९१ सालची आहे. हा जंतू ओल्या मातीत आणि चिखलाच्या पाण्यात राहतो. पावसाळ्यात, धानशेतीच्या भागात आणि विशेषतः मधुमेही माणसांत तो आढळतो. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक बांध्यांत रोवणी करतात. मधुमेह असेल तर चिखलात अनवाणी उतरू नये आणि पायाची जखम उघडी ठेवू नये, एवढी काळजी कोणालाही घेता येईल.

याचे कल्चर दोन-तीन दिवसांत वाढते. परंतु दिसावयास ते सुडोमोनास नावाच्या एका सामान्य जंतूसारखे दिसते. घाईत असलेली प्रयोगशाळा त्याला "बाहेरून मिसळलेला जंतू" ठरवून मोकळी होऊ शकते. अनुभवी माणूस काचपट्टीवर त्याची दोन्ही टोके गडद आणि मधला भाग फिका पाहतो, सेफ्टी पिनसारखा, आणि थबकतो. जेंटामायसिन व कोलिस्टिन ही दोन औषधे त्याच्यावर चालत नसल्याचे दिसले की शंका बळावते. उपचार म्हणजे किमान दहा ते चौदा दिवस शिरेतून औषध आणि पुढे महिनोन्महिने कोट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या. उशीर झाला तर हा आजार जिवावर उठतो.

चौथा जंतू लिजिओनेला. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता. तेथे न्यूमोनियाची साथ उसळून दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि ३४ दगावले. महिनोन्महिने जंतू सापडेना, कारण नेहमीच्या रंगाने तो नीट रंगत नव्हता आणि नेहमीच्या थाळीवर वाढत नव्हता. अखेर जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड यांना तो सापडला. पुढे त्याच्यासाठी जे खाद्य तयार झाले, त्यात लोह, सिस्टीन नावाचे द्रव्य आणि कोळशाची पूड असते. हा कोळसा आपल्या खाणीतला नव्हे, खास शुद्ध केलेला असतो. जंतूला मारक ठरणारी द्रव्ये तो शोषून घेतो. याच्या मुख्य प्रकारासाठी लघवीचीही तपासणी आहे आणि ती थोड्या वेळात होते. साठवलेल्या कोमट पाण्याच्या टाक्या, शीतकरणाचे मनोरे, मोठ्या इमारतींचे नळ, येथे तो वाढतो. म्हणून न्यूमोनिया होण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत रोगी कोठे राहिला, कोठे काम करीत होता, हे डॉक्टरांना सांगणे अगत्याचे असते.

मित्रहो, ही नावे पाठ करण्याची गरज नाही. तुमच्या हातात काय आहे ते आता सांगतो.

चांगला नमुना ही पहिली गोष्ट. आपल्या घरांत ज्याला बलगम म्हणतात तो छातीतून वर आला पाहिजे. तोंडातील लाळ उपयोगाची नाही. सकाळी, फजरच्या सुमारास उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि मग जोराने खोकून बेडका डबीत घ्यावा. दोन ते पाच मिलिलिटर पुरे. हे काम उघड्या हवेत, माणसांपासून दूर करावे. प्रयोगशाळा नमुन्यातील पेशी पाहते. गालाच्या आतील पेशी जास्त दिसल्या की ती लाळ समजते आणि नमुना पुन्हा मागते. त्यात अपमान वाटून घेऊ नये. तो तुमच्याच भल्याचा आग्रह आहे.

वेळ आणि उष्णता ही दुसरी गोष्ट. आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात डबी दुपारपर्यंत बसच्या खिडकीत राहिली तर तोंडातले सामान्य जंतू एवढे माजतात की खरा जंतू त्यांच्याखाली दडपून जातो. डबी घट्ट बंद करून, सावलीत, थंड पिशवीत ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी.

तिसरी गोष्ट औषधाची. शक्य तेथे अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी नमुना द्यावा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही औषधे टीबीला अर्धवट दाबतात. खोकला थोडा कमी होतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आजार आत वाढत राहतो. मात्र रोगी गंभीर असेल, धाप लागली असेल, तर डॉक्टर आधी औषध सुरू करतील; तेथे हट्ट धरू नये.

चौथी गोष्ट बोलण्याची. डॉक्टरांना आपले काम सांगा. खाणीत किती वर्षे होता, दगड फोडणे, सिमेंट, भट्टी यांपैकी कशाशी संबंध आला, मधुमेह आहे का, स्टिरॉइड घेता का, पूर्वी टीबीचे औषध घेतले का, आणि तेव्हा जंतू प्रत्यक्ष सापडला होता की केवळ फोटोवरून औषध दिले होते. जुने फोटो आणि कागद एका पिशवीत जपून ठेवा. पाच वर्षांपूर्वीचा डाग तेवढाच आहे की वाढला, हे जुन्या फोटोशिवाय कळत नाही.

आणि येथे एक इशारा. माझे बोलणे ऐकून कोणी चालू असलेले टीबीचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. आपल्याकडे दीर्घ खोकल्याच्या मागे टीबी हीच आजही पहिली शंका आहे आणि ती योग्य आहे. कधी जंतू सापडला नाही तरी लक्षणे आणि फोटो पाहून डॉक्टर औषध देतात, तेही शास्त्राला धरून आहे. पण दोन-तीन महिने औषध नियमित घेऊनही वजन वाढत नाही, ताप जात नाही, तर अदबीने एक प्रश्न विचारावा: "डॉक्टरसाहेब, कल्चर पाठवता येईल का? दुसरा एखादा जंतू असू शकतो का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चंद्रपूर येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला मोठी सरकारी रुग्णालये आहेत. एकाच आजाराचे औषध तिसऱ्यांदा सुरू करण्यापूर्वी तेवढा प्रवास निश्चित करावा.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी, आणि विशेषतः विद्यार्थिनींसाठी दोन शब्द. विज्ञान शाखा म्हणताच घराघरांत डॉक्टर आणि इंजिनिअर एवढीच नावे निघतात. काचपट्टीवरची वाळलेली काटकी पाहून जी व्यक्ती थबकते, दोन दिवसांनी थाळी फेकून न देता "आणखी आठवडाभर ठेवू" असे म्हणते, ती प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ असते. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, डी.एम.एल.टी. यांसारख्या अभ्यासक्रमांनी हा रस्ता खुला होतो. "मुलीने दिवसभर लोकांची थुंकी तपासायची का?" असे पालक मला विचारतात. माझे उत्तर असे की, नियम पाळणाऱ्या प्रयोगशाळेत हे काम बंदिस्त कपाटात, मुखपट्टी आणि हातमोजे घालून होते. आणि त्या थुंकीत कोणाच्या तरी अब्बांचे पुढचे आयुष्य असते. अशी तपासणी करणारी चार मुले-मुली या संस्थेतून निघाली तर घुग्घुसच्या खाणीतून निवृत्त झालेल्या माणसाला आपल्या खोकल्याचे खरे नाव कळण्यासाठी तीन वर्षे थांबावे लागणार नाही.

घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या घरात किंवा शेजारी कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, तर त्याला उद्या सकाळी डबीत बेडका कसा द्यावा ते समजावून सांगा आणि सोबत दवाखान्यात जा.